एक चेंडू आणि साठ मुले

शाळेच्या वेळापत्रकात 'शा. शि.' अशी दोन अक्षरे ज्या चौकोनात लिहिलेली असतात, तो चौकोन मुलांच्या दृष्टीने आठवड्यातला सर्वांत आवडता आणि इतर सर्वांच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा असतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तो चौकोन गणिताला मिळतो. स्नेहसंमेलन जवळ आले की तो नाचाच्या तालमीला मिळतो. आणि या साऱ्यांतून वाचलाच, तर शिक्षक कपाटातून एक फुटबॉल काढतात, तो मैदानात भिरकावतात आणि म्हणतात, "जा, खेळा!" पुढची पस्तीस मिनिटे मैदानावर गलका असतो, धूळ उडत असते, शिट्टी वाजत असते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, मुले छान खेळत आहेत.

जवळ जाऊन पाहिले म्हणजे मात्र निराळेच दृश्य दिसते. चेंडूभोवती आठ-दहा दांडगी मुले असतात. त्यांच्यामागे पंधरा-वीस मुले चेंडू जाईल तिकडे नुसती धावत असतात. त्यांच्या पायाला चेंडू लागतो तो अपघातानेच. उरलेली मुले दोन्ही कडांना उभी असतात. कोणी चष्मा सांभाळत असतो, कोणाला मागच्या वेळी तोंडावर चेंडू बसलेला असतो, कोणी जाडा म्हणून कायमचा 'गोली' झालेला असतो. मुली झाडाखाली गप्पा मारत बसलेल्या असतात, आणि त्यांनी तेथेच बसावे असे सर्वांनी न बोलता ठरवून टाकलेले असते.

यातले साधे गणित पाहू. वर्गात साठ मुले, चेंडू एक, आणि प्रत्यक्ष खेळ तीस मिनिटे. तीस मिनिटे म्हणजे १८०० सेकंद. अगदी न्यायाने वाटणी केली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू येतो तो ३० सेकंद. त्यातही चेंडू हवेत असतो, कुंपणाबाहेर गेलेला असतो, गटारातून काढून धुतला जात असतो, तो वेळ आपण वजा केलेलाच नाही. शिवाय वाटणी न्यायाने होत नसते. दांडग्यांना चार-पाच मिनिटे मिळतात आणि काठावरच्या मुलांना काहीही मिळत नाही. भाषेच्या तासाला वर्गातल्या दहाच मुलांना पुस्तक उघडू दिले आणि बाकीच्यांना त्यांच्याकडे बघत बसवले, तर आपण त्याला शिकवणे म्हणणार नाही. मग खेळाच्या तासालाच ते शिकवणे कसे ठरते?

आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत. त्यातले काही शारीरिक शिक्षणाची पदवी घेतील. पण अनेकांच्या गळ्यात मराठी किंवा इतिहास शिकवता शिकवता खेळाचा तास पडणार आहे. म्हणून हा विषय केवळ खेळाडूंचा नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांना फुटबॉलची प्राथमिक कौशल्ये थोड्या साधनांत, भरलेल्या वर्गात आणि सर्वांना सामावून घेऊन कशी शिकवता येतील, याचा विचार येथे करायचा आहे.

फुटबॉलच का?

फुटबॉल हा आपल्याकडे परका खेळ आहे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच गेले. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकले, तेव्हा त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. स्वतंत्र भारताने १९५१ साली दिल्लीच्या आणि १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले; १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला. आणि कोल्हापूरची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम यांचे सामने असले म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या नावाने राज्यभर शाळाशाळांतून एकाच दिवशी मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळांना चेंडू वाटले गेले. हे चांगलेच झाले. पण चेंडू पोहोचला म्हणजे खेळ पोहोचला असे होत नाही. चेंडू एका दिवसात वाटता येतो. तो पायाशी कसा ठेवावा हे शिकवायला मात्र आठवडे लागतात, आणि ते काम कोणत्याही उत्सवाचे नसून रोजच्या तासाचे आहे.

आधी साधनांविषयी

मोठ्यांच्या सामन्यातला पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तो जड होतो, लागतो, आणि मग भीती बसते. या वयासाठी चार नंबरचा चेंडू योग्य. त्याचा घेर सुमारे ६३.५ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम असते. सातवी-आठवीत, तेराव्या वर्षाच्या सुमारास, पाच नंबरकडे जावे. चेंडूत हवा ठासून भरू नये. थोडा मऊ चेंडू कमी उसळतो, पायाशी राहतो आणि लागला तरी रडू येत नाही.

चेंडूंची संख्या ही खरी अडचण. परंतु शिकवण्यासाठी प्रत्येक चेंडू सामन्याच्या दर्जाचा असलाच पाहिजे असे नाही. शिवण उसवलेले जुने चेंडू, रबरी चेंडू, फार काय, चिंध्या घट्ट बांधून केलेला चेंडूसुद्धा पायाशी घेऊन पळण्याच्या सरावाला चालतो. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, हा नवशिक्याच्या दृष्टीने त्याचा गुणच आहे. साठ मुलांच्या वर्गाला सर्व मिळून सहा चेंडू जमले तरी काम सुरू करता येते. बारा जमले तर उत्तम.

मैदानाचेही तसेच. मोठ्या सामन्यातला गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्यात पाचवीतला मुलगा गोलरक्षक म्हणून उभा करणे म्हणजे त्याची थट्टाच. फक्कीने मैदानाचे सहा चौकोन आखावेत, प्रत्येक साधारण वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. दोन विटा किंवा दोन दप्तरे दोन मीटर अंतरावर ठेवली की गोल तयार झाला. लोखंडी गोलखांब असतील, तर ते जमिनीत पक्के रोवलेले आहेत ना, हे शिक्षकाने स्वतः हलवून पाहावे. सुटा खांब अंगावर पडून जीवघेणा अपघात होऊ शकतो.

आता पुन्हा तेच गणित करू. सहा चौकोन, सहा चेंडू, प्रत्येक चौकोनात पाच विरुद्ध पाच. १८०० सेकंदांना आता दहाने भागायचे. प्रत्येकाच्या वाट्याला १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे आली. वर्ग तोच, तास तोच, शिक्षक तोच. फक्त मांडणी बदलली आणि मुलाला मिळणारा चेंडू सहापट झाला. शिवाय दहा जणांत लपायला जागा नसते. चेंडू प्रत्येकाकडे येतोच.

कौशल्ये कोणती आणि कशी?

पहिले कौशल्य म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळणे. नवशिका मुलगा चेंडू पुढे जोरात मारतो आणि त्याच्यामागे धावतो. त्याला सांगावे, की चेंडू हा दावणीला बांधलेल्या वासरासारखा, दोन पावलांपेक्षा दूर जाता कामा नये. पावलाच्या आतल्या कडेने, बाहेरच्या कडेने, वरच्या भागाने असे हलके हलके स्पर्श करत पुढे जायचे. नजर सतत चेंडूवर खिळलेली नको. यासाठी एक साधी युक्ती आहे. मुले चेंडू घेऊन पळत असताना शिक्षकाने हाताची बोटे वर करावीत आणि "किती?" असे विचारावे. उत्तर देण्यासाठी मान वर करावीच लागते. चेंडू पायाला कळला पाहिजे आणि मैदान डोळ्यांना दिसले पाहिजे, ही खेळाची पहिली गुरुकिल्ली अशी व्याख्यान न देता हाती येते.

दुसरे कौशल्य चेंडू देण्याचे, म्हणजे पासचे. जवळच्या अंतरावर पास द्यायचा तो पावलाच्या आतल्या सपाट बाजूने. ज्या पायाने मारायचे नाही तो पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर टेकवायचा आणि त्याचा अंगठा जिकडे पास द्यायचा तिकडे करायचा. मारणारा पाय बाहेरच्या बाजूला वळवून घोटा घट्ट धरायचा, चेंडूच्या मध्यावर मारायचे आणि मारल्यावर पाय त्याच दिशेने थोडा पुढे जाऊ द्यायचा. चेंडू वाकडा गेला तर दोष बहुधा मारणाऱ्या पायाचा नसतो, टेकवलेल्या पायाचा असतो. चेंडू उगीच वर उडाला, तर तो मध्याच्या खाली मारला गेला असे समजावे. अशी कारणे सांगितली म्हणजे मूल स्वतःचे स्वतः दुरुस्त करू लागते. "नीट मार" या उपदेशातून ते काहीच शिकत नाही.

तिसरे कौशल्य चेंडू घेण्याचे. आपल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे, कारण ती क्रिकेट खेळलेली असतात. झेल घेताना आपण हात चेंडूबरोबर मागे घेतो, हात ताठ ठेवला तर चेंडू उडून जातो. पायाचेही तसेच. येणाऱ्या चेंडूसमोर पाऊल न्यायचे आणि स्पर्श होता होता ते किंचित मागे घ्यायचे. हे जमले, की पुढची पायरी: चेंडू जागीच मारून टाकायचा नाही, तर पहिल्याच स्पर्शात मोकळ्या जागेकडे वळवायचा. चांगल्या आणि सामान्य खेळाडूतला फरक पुष्कळदा या पहिल्या स्पर्शातच दिसतो.

चौथे कौशल्य गोलवर मारण्याचे. येथे पावलाचा वरचा भाग, जिथे बुटाची नाडी बांधतात तो, वापरायचा. पाऊल खाली ताणलेले, गुडघा चेंडूच्या वर, छाती पुढे. अंग मागे झुकले की चेंडू गोलावरून जातो. अंगठ्याच्या टोकाने मारण्याची सवय लवकर मोडावी; त्याने दिशा राहत नाही आणि अनवाणी मुलाचे बोट दुखावते. जोराचा आग्रह सुरुवातीला धरूच नये. दोन विटांमधून चेंडू घालवता आला की पुरे; जोर वयाबरोबर येतो.

पाचवे कौशल्य चेंडू काढून घेण्याचे. समोरच्यावर झडप घालणारा मुलगा हमखास फसतो. त्याने हातभर अंतरावर, किंचित तिरपे, गुडघे वाकवून उभे राहावे, मागे सरकत समोरच्याला कडेकडे न्यावे आणि चेंडू त्याच्या पायापासून सुटला की पाय घालावा. घसरत जाऊन पाय घालणे आपल्या खडकाळ मैदानांवर आणि या वयात पूर्ण वर्ज्य समजावे.

कडेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकण्याची रीतही सांगावी. दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, डोक्यावरून; आणि टाकताना दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला, रेषेवर किंवा रेषेबाहेर. मागचा पाय उचलला जातो, ही नेहमीची चूक. ऑफसाइडचा नियम मात्र लहान चौकोनातल्या खेळात आणूच नये. त्याचा अर्थ मोठ्या मैदानावरच कळतो.

आणि डोक्याने चेंडू मारणे? ते या तासात नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडिंग करण्यास मनाई केली आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सरावात त्यावर मर्यादा घातली. इंग्लंडच्या संघटनेनेही २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकण्याची सूचना दिली. डोक्याला पुन्हापुन्हा बसणाऱ्या धक्क्यांविषयीची काळजी हे त्यामागचे कारण. चेंडू जमिनीवर ठेवून खेळण्यात शिकण्यासारखे इतके आहे, की यात मुलांचे काही बुडत नाही.

आपलेच खेळ, चेंडूसह

रांगेत उभे राहून एकेकाने खांबांमधून चेंडू न्यायचा, हा सराव पाहायला शिस्तबद्ध दिसतो. पण दहाच्या रांगेत नऊजण उभेच असतात. त्याऐवजी मुलांच्या ओळखीचे खेळ घ्यावेत.

आट्यापाट्यांचेच पाहा. पाट्यांवरचे रक्षक आपल्या रेषेवरच सरकू शकतात आणि पळणाऱ्याने हुलकावणी देऊन पलीकडे जायचे असते. पळणाऱ्याच्या पायाशी चेंडू दिला की हाच खेळ प्रतिस्पर्ध्याला चुकवण्याचा उत्तम धडा होतो. अंग एकीकडे झुकवून दुसरीकडे निसटणे हे मुलांना आधीच येत असते. फक्त चेंडू बरोबर न्यायला शिकायचे असते. लगोरीचे सात दगड रचून ते दहा पावलांवरून पासने पाडायला लावले, तर नेम सुधारतो आणि कोणाला कंटाळा येत नाही. साध्या पकडापकडीत पळणाऱ्यांपैकी काहींच्या पायाशी चेंडू द्यावा आणि चेंडू असलेल्याला बाद करता येणार नाही असा नियम करावा. मग मुले बाद होऊ घातलेल्या मित्राकडे आपण होऊन पास देऊ लागतात. पास म्हणजे मदत, हा अर्थ त्यांना असा कळतो. चौघांनी चेंडू आपापसांत फिरवायचा आणि मधल्या एकाने तो अडवायचा, हा खेळ तर गल्लीगल्लीत हाताने खेळला जातोच. तो पायाने खेळवावा.

खेळ आधी की कौशल्य आधी?

जुनी पद्धत अशी, की आधी कौशल्ये घोटून घ्यावीत आणि ती आली म्हणजे खेळ द्यावा. त्यामुळे काय होते? मुले पूर्ण तासभर "सर, मॅच केव्हा?" असे विचारत राहतात. घोटलेले कौशल्य प्रत्यक्ष खेळात आठवत नाही, कारण केव्हा पास द्यायचा आणि कोणाला, हे त्यांनी कधी ठरवलेलेच नसते. इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या दोन अध्यापकांनी १९८२ साली या क्रमावरच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुलांना त्यांच्या आवाक्यातला, सोपा केलेला खेळ आधी द्या, त्यात त्यांना अडचण येऊ द्या, ती अडचण त्यांच्याकडून बोलून घ्या, मग कौशल्य शिकवा आणि पुन्हा खेळाकडे जा. तहान लागल्यावर पाणी दिले तर ते गोड लागते, तसाच हा प्रकार आहे.

उदाहरण घेऊ. पाच विरुद्ध पाच खेळ सुरू केला की सर्वजण गुळाला मुंगळे लागावेत तसे चेंडूला लागतात. शिक्षकाने दोन मिनिटांनी शिट्टी वाजवावी आणि सर्वांना आहे तेथेच थांबवावे. "मोकळी जागा कोठे आहे?" मुले हात करून दाखवतात. "तेथे कोण आहे?" कोणीच नसतो. "मग चेंडू कोणाला द्यायचा?" एवढ्या तीन प्रश्नांत वर्गाला आपली अडचण समजते. मग तीन विरुद्ध एक असा छोटा सराव द्यावा. चेंडू असलेल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळा साथीदार हवा, म्हणजे तिघांचा त्रिकोण व्हायला हवा, हे मुले स्वतः शोधतात. सात मिनिटांनी पुन्हा खेळ. सगळे लगेच सुधारते असे नाही, पण दोघे-तिघे तरी मुंगळ्यांतून बाहेर पडून कडेला थांबू लागतात आणि "इकडे, इकडे!" अशी हाक ऐकू येते.

सरावाच्या मांडणीविषयी आणखी एक गोष्ट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडेल. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाताच्या तीन प्रकारच्या हालचाली एका गटाने एकेक करून घोटल्या, तर दुसऱ्या गटाने उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस वाटला. परंतु नंतर चाचणी घेतली, तेव्हा दुसऱ्या गटाला शिकलेले अधिक टिकलेले आढळले. हा प्रयोग फुटबॉलचा नव्हता आणि त्यातून सर्वच अनुमाने काढणे योग्य नाही. अगदी नवख्या मुलाला सुरुवातीला एकच गोष्ट काही वेळ करू द्यावी लागते. तथापि एवढा बोध घ्यायला हरकत नाही, की सरावात गुळगुळीत दिसणारे ते सर्व शिकलेले असतेच असे नाही, आणि पास, पळणे, वळणे यांची मिसळ करणे हे गोंधळाचे नसून फायद्याचे असते.

पस्तीस मिनिटांचा तास

मग प्रत्यक्ष तास कसा बसवावा? मैदानावर येऊन गट पाडायला पाच मिनिटे. अंग गरम करण्यासाठी चेंडूसह पकडापकडी, पाच मिनिटे. छोट्या चौकोनात खेळ, आठ मिनिटे. त्यात दिसलेल्या अडचणीवर एकच कौशल्य, सात मिनिटे. पुन्हा खेळ, आठ मिनिटे. शेवटची दोन मिनिटे चेंडू गोळा करून "आज काय जमले?" हे मुलांकडून ऐकायला. एका तासाला एकच मुद्दा घ्यावा. पाच सूचना एकदम दिल्या तर एकही उरत नाही. आठवड्यातून दोन तास धरले तर सहा आठवड्यांत बारा तास होतात. त्यात पहिले तीन चेंडू घेऊन पळण्याचे, पुढचे चार देण्या-घेण्याचे, दोन गोलवर मारण्याचे, एक चेंडू काढून घेण्याचे आणि शेवटचे दोन गटागटांतील सामन्यांचे, अशी वाटणी बसते. सहा चौकोनांवर एक शिक्षक पुरत नाही हे खरे. म्हणून प्रत्येक चौकोनाला एक पंच मुलांतूनच नेमावा आणि तो दर सामन्याला बदलावा. जो पंच होतो त्याला नियम आपोआप पाठ होतात.

काठावरचे मूल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मांडणी कितीही चांगली केली, तरी काठावरचे मूल आपोआप मैदानात येत नाही. त्याला तेथे उभे करणाऱ्या काही सवयी मोडाव्या लागतात. त्यातली पहिली म्हणजे दोन कप्तानांनी एकेक गडी निवडण्याची. या पद्धतीत कोणीतरी रोज शेवटी उरते, आणि साठ जणांसमोर शेवटी उरण्याचे दुःख ज्याने सोसले आहे त्यालाच ते माहीत. गट शिक्षकानेच पाडावेत आणि दर आठवड्याला बदलावेत. दुसरी सवय जाड्या मुलाला गोलात उभे करण्याची. छोट्या चौकोनात गोलरक्षक नकोच. ठेवला तर पाळीपाळीने ठेवावा. तिसरी गोष्ट नियमांची. गटातल्या पाचही जणांच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल धरला जाणार नाही, असा नियम एक दिवस करून पाहावा. मग सर्वांत चपळ मुलगाच सर्वांत कच्च्या मुलाला शोधत येतो, आणि त्याला झेपेल असा हळू पास देतो. एरवी वर्षभरात त्यांचे एकमेकांशी बोलणे झालेले नसते.

मुलींच्या बाबतीत तर आपण नुसते "त्यांना आवड नाही" म्हणून मोकळे होतो. ज्याची चवच दिली नाही, त्याची आवड कोठून असणार? २०२२ साली महिलांची आशिया चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला. आपल्याच अंगणात एवढे घडत असताना आपल्या शाळेतल्या मुलींनी झाडाखाली बसावे, हे बरे नव्हे. सहावी-सातवीपर्यंत मुलामुलींचे मिश्र गट सहज चालतात. जेथे मुली संकोचतात तेथे त्यांचे दोन चौकोन सुरुवातीला वेगळे ठेवावेत. पण चेंडू त्यांना पहिल्या दिवसापासून आणि बरोबरीने द्यावेत, उरलेले देऊ नयेत.

बुटांचा प्रश्नही नाजूक आहे. काहींच्या पायात महागडे बूट, काहींचे पाय अनवाणी, अशा मुलांना एकाच चौकोनात घातले तर अनवाणी मुलाच्या बोटांचे हाल होतात आणि मनाचेही. त्या तासापुरते सर्वांनी कॅनव्हासचे बूट घालावेत, किंवा काटे-खडे वेचलेल्या मैदानावर सर्वांनीच अनवाणी खेळावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे अनेक खेळाडू अनवाणी उतरले होते, हे मुलांना सांगितले की अनवाणी असण्याची लाज उरत नाही.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना एकत्र करून २००१ साली 'स्लम सॉकर' सुरू केले. पुढे नागराज मंजुळे यांनी 'झुंड' या २०२२ च्या चित्रपटात त्यांच्या कार्यावर आधारलेली कथा मांडली. त्या कामाची सुरुवात मोठ्या स्टेडियमपासून झाली नव्हती. कोणीतरी काठावरच्या मुलांकडे पाहिले आणि त्यांच्यासमोर चेंडू ठेवला, तेथून झाली. आपल्या शाळेच्या मैदानाला तर निदान कुंपण आणि घंटा तरी आहे!

गुण कशाला द्यावेत?

शेवटी मूल्यमापन. चेंडू पायावर किती वेळा उडवला, यावर गुण देणे सोपे असते, कारण मोजता येते. पण ते कौशल्य वर्गातल्या आठ मुलांना आधीच येत असते आणि त्यांनाच पुन्हा गुण मिळतात. त्याऐवजी पहिल्या आणि बाराव्या तासाला प्रत्येक मुलाची दोन मिनिटे नोंद ठेवावी. किती वेळा चेंडू पायाशी आला, किती पास साथीदारापर्यंत पोहोचले, आणि चेंडू नसताना मूल मोकळ्या जागेत गेले का? ही नोंद मुलेच एकमेकांची ठेवू शकतात. गुण द्यायचे ते या दोन नोंदींतल्या फरकाला. मग ज्याचे पहिल्या दिवशी शून्य होते आणि शेवटी सहा झाले, त्यालाही वर मान करून घरी जाता येते.

या साऱ्यातून देशाला मोठे खेळाडू मिळतील का, असा प्रश्न कोणी विचारील. एखादा मिळेलही, पण तासाचे उद्दिष्ट ते नव्हे. साठपैकी साठ मुलांना आपले शरीर आपले ऐकते एवढा विश्वास यावा, आणि पुढे आयुष्यात केव्हाही समोर चेंडू आला तर बाजूला सरकावेसे वाटू नये, इतके साधले तरी तास सार्थकी लागला. उद्या आपल्यापैकी कोणाच्या हाती ही शिट्टी आली, तर त्याने तास संपल्याच्या घंटेला गोल किती झाले हे विचारू नये. मैदानाच्या कडेने एक फेरी मारावी आणि आज किती मुलांच्या पायांना धूळ लागलेली नाही, तेवढी मोजावीत. पुढच्या तासाची आखणी त्या मुलांपासून सुरू करावी.